एस्तेरचा उपास, पुरीमची पोळी



शिमगा तोंडावर आला की आमच्या बचत गटांच्या बैठकीत हिशेब कमी आणि होळीच्या गप्पा जास्त होतात. कुणाची पालखी कधी, पुरणाची डाळ किती भिजवायची, मुंबईहून कोण कोण येणार. अशाच एका बैठकीत एका आजींनी विचारलं, "आमच्या लहानपणी इस्राएल आळीतल्या बाया होळीच्या सुमाराला कडक उपास धरायच्या. पाणीसुद्धा नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून झाकलेलं ताट यायचं. तो उपास कसला गं?"

आम्हा कुणालाच सांगता आलं नाही. रायगडात जन्म गेला, नवगाव, रेवदंडा, पेण, पनवेल इथं त्यांची घरं होती हे माहीत, अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग बाहेरून पाहिलेलं. पण आत काय चालतं ते कधी विचारलंच नव्हतं. मग आम्ही विचारलं, थोडं वाचलंही. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढं मांडतो. त्यात आमचीही एक चूक आहे, तीही शेवटी सांगू.

आधी माणसं कोण ते पाहू. ही बेने इस्राएल मंडळी, म्हणजे आपले मराठी ज्यू. त्यांची परंपरा सांगते की फार फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ती कोकणातच राहिली. घाणा चालवून तेल काढायची. शनिवारी मात्र घाणा बंद, कारण शनिवार त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागला. आडनावं आपल्यासारखीच गावावरून आलेली: केहिमकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर. घरची भाषा मराठी. १९४८ साली इस्राएल देश झाल्यावर बरीच कुटुंबं तिकडं गेली, पण मराठी सुटली नाही. तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं.

आता उपास. त्याचं नाव एस्तेरचा उपास. आणि त्याला लागून येणारा आनंदाचा सण म्हणजे पुरीम. जुन्या पिढीतले बेने इस्राएल पुरीमला सरळ 'होळीचा सण' म्हणायचे. हाएम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात सणांची अशी मराठी नावं नोंदली आहेत. उपासाला ते रोजा म्हणत.

होळीचा सण का म्हणत? कारण तिथी. ज्यू लोकांचे महिनेही चंद्रावर चालतात. अदार महिन्याच्या १३ तारखेला उपास आणि १४ तारखेला पुरीम, म्हणजे पौर्णिमेच्या आसपास. आपली होळी फाल्गुन पौर्णिमेला. त्यामुळं बहुतेक वर्षी दोन्ही सण शेजारी शेजारी पडतात. २०२५ साली १३ मार्चला त्यांचा उपास होता आणि त्याच रात्री आपली होळी पेटली. १४ मार्चला आपली धुळवड, त्यांचा पुरीम. कधी कधी मात्र महिन्याचं अंतर पडतं, कारण त्यांचाही अधिक महिना असतो आणि तो आपल्या अधिक महिन्याशी जुळतोच असं नाही. २०२१ साली पुरीम फेब्रुवारीअखेर झाला आणि होळी मार्चअखेर. तिथी जवळ म्हणून नाव मिळालं. सणाची गोष्ट वेगळी आहे.

ती गोष्ट ऐका, कारण ती एका बाईची आहे.

इराणात शूशन नावाचं शहर होतं. तिथं अहश्वेरोश नावाचा राजा. त्याचं राज्य हिंदुस्थानापासून आफ्रिकेतल्या कूश देशापर्यंत, १२७ प्रांतांचं. म्हणजे आपल्या देशाचं नाव या गोष्टीच्या पहिल्याच ओळीत येतं. राजानं मेजवानी दिली, दारू प्याला आणि राणी वश्तीला हुकूम पाठवला, पाहुण्यांपुढं येऊन आपलं रूप दाखव. वश्ती म्हणाली, येत नाही. तिचं राणीपद गेलं. वर राजानं सगळ्या प्रांतांत फर्मान काढलं की घराघरांत नवऱ्याचंच चाललं पाहिजे. बायांनो, एका बाईच्या 'नाही'ला एवढं घाबरले होते.

मग नवी राणी निवडली, एस्तेर. ती आईबापाविना पोरकी, चुलतभाऊ मर्दखय यानं वाढवलेली. ती ज्यू आहे हे राजवाड्यात कुणाला माहीत नव्हतं. राजाचा मोठा वजीर हामान. सगळ्यांनी त्याच्यापुढं वाकायचं. मर्दखय वाकला नाही. हामानानं राग एकट्यावर काढला नाही, सगळ्या ज्यू लोकांना मारायचं ठरवलं. कुठल्या दिवशी मारायचं त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. त्या चिठ्ठीला तिथं 'पूर' म्हणत, त्यावरून सणाचं नाव पुरीम. आपल्या नदीच्या पुराशी त्याचा संबंध नाही. चिठ्ठी निघाली अदारच्या १३ तारखेची. राजानं शिक्का दिला, फर्मान सुटलं.

मर्दखयानं एस्तेरला निरोप पाठवला, राजाकडं जा आणि आपल्या लोकांसाठी बोल. पण न बोलावता राजापुढं जाणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. राजानं सोन्याचा राजदंड पुढं केला तरच जीव वाचायचा. आणि एस्तेरला तर तीस दिवस बोलावणं नव्हतं.

तिनं काय उत्तर पाठवलं ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. तिनं कळवलं की शूशनमधल्या सगळ्या ज्यू लोकांना एकत्र करा, तीन दिवस, तीन रात्री माझ्यासाठी उपास करा. मी आणि माझ्या दासीही करू. मग मी जाईन, मेले तर मेले.

म्हणजे दारात एकटी ती जाणार होती, पण उपाशी सगळं गाव होतं, राणी आणि दासी दोघीही.

पुढं राजानं राजदंड पुढं केला. एस्तेरनं घाई केली नाही. राजाला आणि हामानाला दोनदा जेवायला बोलावलं आणि दुसऱ्या जेवणाला सगळं उघड केलं. हामान फासावर गेला. पण राजाचं पहिलं फर्मान मागं घेता येत नव्हतं, म्हणून दुसरं काढलं, की ज्यू लोकांनी आपल्या जिवासाठी लढावं. १३ अदारला लढाई झाली, खूप माणसं मेली. ते लपवण्यासारखं नाही, पुस्तकातच लिहिलेलं आहे. १४ तारखेला शांतता झाली. सण धरला तो लढाईच्या दिवशी नाही, शांत झालेल्या दिवशी. खुद्द शूशनमध्ये लढाई एक दिवस जास्त चालली, म्हणून तिथली शांतता १५ तारखेची. त्यावरून यरुशलेमसारख्या जुन्या तटबंदीच्या शहरात आजही पुरीम १५ तारखेला करतात.

आता उपास कसा धरतात ते सांगतो.

गोष्टीतला उपास तीन दिवसांचा, पण आज पाळतात तो एकच दिवसाचा. पहाटे उजाडायच्या आधीपासून रात्री चांदण्या दिसेपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही. साबुदाणा, वरई, राजगिरा, असलं 'उपासाचं' काही नसतं. मात्र काम करता येतं, आंघोळ करता येते. त्यांचा सर्वांत मोठा उपास योम किप्पूर. तो साधारण २५ तासांचा आणि कडक. एस्तेरचा उपास त्यामानानं सौम्य धरतात.

सौम्य म्हणजे कुणाला सूट आहे ते ऐका. गरोदर बाईला सूट. अंगावर पाजणारीला सूट. आजारी माणसाला सूट. लहान मुलांवर तर सक्तीच नाही. १३ तारीख शनिवारी आली तर उपास मागं ओढून गुरुवारी धरतात, कारण शनिवार आनंदाचा आणि शुक्रवार त्याच्या तयारीचा. २०२४ साली असंच झालं, पुरीम शनिवारी रात्री लागला आणि उपास आधीच गुरुवारी, २१ मार्चला झाला.

इथं थोडं आपल्याबद्दल बोलतो. आपल्याकडं हरतालिकेला निर्जळी धरणाऱ्या कितीतरी जणी बीपीची गोळी त्या दिवशी चुकवतात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारी बाई दिवसभर काही खात नाही, मग साखर एकदम उतरते आणि चक्कर येऊन पडते. पोटुशी सून उपास सोडायला लाजते, कारण सासूबाई काय म्हणतील. ज्यू लोकांत ही सूट नियमातच लिहिलेली आहे, ती मागावी लागत नाही. घरातल्या मोठ्या बाईनं आपण होऊन सुनेला म्हणावं, "तू धरू नकोस, तुझ्या वाटणीचा मी धरते." एवढं म्हटलं तर देव रागावणार नाही. आणि औषध चालू असेल तर उपासाआधी डॉक्टरांना विचारा, हे आम्ही दरवर्षी सांगतो, आजही सांगतो.

उपासाच्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी आणखी एक गोष्ट करतात. अर्ध्या नाण्याची आठवण. जुन्या काळी त्यांच्या मंदिरासाठी प्रत्येकानं अर्धा शेकेल द्यायचा असे. श्रीमंतानं जास्त द्यायचा नाही, गरिबानं कमी द्यायचा नाही. त्याची आठवण म्हणून पुरीम लागायच्या आधी थोडे पैसे बाजूला काढून गरिबांसाठी देतात. हे वाचलं आणि आम्हाला आपली गटाची बचत आठवली. सरपंचाची बायको असो की मजुरीला जाणारी, महिन्याची बचत सगळ्यांची सारखी. बैठकीत एकाच सतरंजीवर बसता येतं ते त्याच्यामुळंच.

त्यांचा दिवस सूर्य मावळला की बदलतो. म्हणून उपास संपतो आणि त्याच घटकेला पुरीम लागतो, मध्ये रात्रीची वाट पाहावी लागत नाही. पण भूक लागली म्हणून लगेच जेवायला बसायचं नाही. आधी सिनेगॉगमध्ये जाऊन एस्तेरची गोष्ट ऐकायची, मग घास. ही गोष्ट चामड्याच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेली असते, तिला मेगिला म्हणतात. रात्री एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा अशी दोनदा पूर्ण वाचतात.

ज्यू धर्मात वेळेला बांधलेल्या बऱ्याच विधींतून बायकांना मोकळीक दिलेली आहे. घरकाम, लेकरं असतात म्हणून. पण मेगिला ऐकणं बायकांवरही तेवढंच बंधनकारक. त्यांच्या जुन्या पंडितांनी कारण दिलं, की त्या सुटकेत बायकाही होत्या. आम्ही तर म्हणू, त्या सुटकेच्या पुढं एक बाईच होती.

वाचताना हामानाचं नाव आलं की सगळी पोरं पाय आपटतात, खुळखुळे वाजवतात, आरडाओरडा करतात, की ते नाव ऐकूच येऊ नये. शिमग्याला आपण होळीभोवती बोंब मारतो, त्याची आठवण येते ना? पुरीमला मुलं सोंगंही घेतात, कुणी राणी एस्तेर, कुणी राजा. आपल्या कोकणच्या शिमग्यालाही सोंगं असतात. देवळात एरवी गप्प बसायला सांगतात त्या पोरांना त्या रात्री ओरडायची परवानगी असते, म्हणून पुरीम पोरांचा लाडका.

दुसऱ्या दिवशी मेजवानी. युरोपातले ज्यू खसखशीचं सारण भरलेली तिकोनी बिस्किटं करतात, इस्राएलमध्ये त्यांना हामानाचे कान म्हणतात. आपल्या बेने इस्राएल घरात पुरणपोळी होते. मटणाच्या जेवणात दूध-तूप चालत नाही, हा त्यांचा खाण्याचा नियम, म्हणून कोकणच्या नारळाचं दूध त्यांच्या स्वयंपाकात फार.

आता त्या झाकलेल्या ताटाकडं येतो, ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं.

पुरीमच्या दिवशी दोन प्रकारचं देणं असतं. एक, खाण्याचं ताट. निदान एका ओळखीच्या माणसाला निदान दोन तयार खायचे पदार्थ पाठवायचे. आजींच्या घरी यायचं ते ताट त्याच चालीतलं. दुसरं, गरिबांना दान. निदान दोन गरीब माणसांना, प्रत्येकाला वेगळं. तेही त्याच दिवशी हातात पडलं पाहिजे, म्हणजे त्यालाही त्याच दिवशी गोडधोड करता येईल.

या दानाचे दोन नियम आम्हाला कळले आणि आम्ही गप्प झालो.

पहिला नियम, त्या दिवशी जो हात पुढं करेल त्याला द्यायचं. तू खरंच गरीब आहेस का, अशी चौकशी करायची नाही.

दुसरा नियम त्याहून वेगळा. जो स्वतः दानावर जगतो, त्यानंही त्या दिवशी द्यायचं. गरिबाला सूट नाही. त्यांच्या जुन्या ग्रंथात दोन माणसांची आठवण सांगतात, ज्यांनी आपापलं जेवण एकमेकांना देऊन टाकलं. याचं ताट त्याच्याकडं, त्याचं याच्याकडं. दोघं जेवले, आणि दोघांचंही देणं पूर्ण झालं. बाराव्या शतकात मैमोनिदेस नावाचे त्यांचे मोठे पंडित इजिप्तमध्ये होऊन गेले. त्यांनी सांगितलं आहे की पुरीमला स्वतःच्या मेजवानीवर आणि मित्रांच्या ताटांवर वाढीव खर्च करण्यापेक्षा गरिबांच्या दानावर करावा.

आता आमची चूक.

एका दिवाळीला आम्ही गटांच्या शिल्लक पैशातून अकरा गरजू बायांना फराळाच्या पिशव्या दिल्या. मनात चांगलंच होतं. यादी वाचली, एकेकीला नावानं पुढं बोलावलं, पिशवी हातात दिली, फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर टाकले. टाळ्या वाजल्या. त्यातली एक ताई पुढच्या बैठकीला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बचत दुसरीच्या हातानं पाठवायची. आम्ही तिच्या घरी गेलो. बराच वेळ ती चहाच करत राहिली. मग म्हणाली, "पाच वर्षं झाली मला गटात. पिशवी दिलीत, पण माझ्याकडं कधी काही मागितलंत का? माझ्याकडं काहीच नाही असं तुम्हीच ठरवलंत. माझी पोरगी शाळेत तो फोटो बघून आली."

आमच्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या यादीत ती घेणारी होती, आणि देणारीच्या रकान्यात तिचं नाव लिहायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. पुरीमचा दुसरा नियम कळला तेव्हा तिचंच बोलणं आठवलं.

म्हणून गेल्या शिमग्याच्या बैठकीत आम्ही पद्धत बदलली. पुरीम त्यांचा सण आहे, आम्ही त्याची नक्कल केली नाही. धडा तेवढा घेतला. बैठकीच्या मध्ये एक मोठी टोपली झाकून ठेवली. प्रत्येकीनं घरून जमेल ते आणायचं, फडक्यात बांधून, नाव न लिहिता. जाताना प्रत्येकीनं एक गाठोडं उचलायचं. कोण काय आणलं ते विचारायचं नाही आणि फोटो नाही. कुणाच्या गाठोड्यात डाळ-गूळ, कुणाच्या नारळ, कुणाच्या वाटीभर तांदूळ. ती ताई आली. तिनं परसातल्या शेवग्याच्या शेंगांची जुडी आणली होती. फडक्यातून शेंगा बाहेर डोकावत होत्या, लपणार कुठं! ज्या काकूंना ती जुडी मिळाली त्या गटातल्या सगळ्यात खात्यापित्या घरच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमटी केली आणि वाटीभर त्या ताईकडं पाठवली. ती आता बैठकीला येते, आणि गेल्या महिन्यात तिनं आम्हाला हिशेबातली चूकही दाखवली.

ज्यांना खरीच मोठी अडचण आहे त्यांना मदत लागतेच, नुसत्या टोपलीनं भागत नाही. ती मदत आम्ही आता घरी जाऊन, सणाच्या आधी, गाजावाजा न करता देतो. आणि त्या घरालाही गटाचं एखादं काम मागतो. हजेरी घे, सतरंजी घाल, बैठकीला पाणी भर. नुसतं घेणारं असं कुणालाच ठेवायचं नाही.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. तुमच्या शेजारी बेने इस्राएल कुटुंब असेल, तर उपासाच्या दिवशी चहापाण्याचा आग्रह करू नका. पुरीमला ताट पाठवावंसं वाटलं तर त्यांचे खाण्याचे नियम असतात, म्हणून न चिरलेली, अख्खी फळं पाठवा किंवा आधी विचारा. विचारलेलं त्यांना आवडतं, हा आमचा अनुभव. आणि भेटल्यावर 'हग पुरीम सामेआख' म्हणा, म्हणजे पुरीमच्या शुभेच्छा. चुकलं तरी हसतील, पण मनापासून हसतील.

आणि त्या आजींनी विचारलं नसतं तर आम्हालाही हे कळलं नसतं. तुमच्या घरातल्या आजींनाही विचारा, लहानपणी कुणाच्या घरून कसलं ताट यायचं. काय सांगतात ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी इथंच सगळ्यांना सांगू.

शिमग्याच्या शुभेच्छा. पुरणात जायफळ विसरू नका. नमस्कार.